नानांचा थांबा

साडेतीन वाजता शेवटचा आमेन सहाव्यांदा फुटला. सतरा जणांनी तो छापलेल्या जागी म्हटला. उरलेल्या नऊ आल्टो, म्हणजे मधल्या पट्टीतल्या बायका, तोंड मिटून उभ्या राहिल्या, आणि मनातल्या मनात चार मात्रा मोजून झाल्यावर त्यांनी तोच आमेन पुन्हा, आपला वेगळा, मोठ्या निष्ठेने म्हटला. धाकट्या सुनेने हात खाली घेतले आणि छताकडे पाहिलं. चर्चच्या छताला ओल आली होती. निदान त्या बाबतीत तरी दोन पक्ष नव्हते.

"आत्या," ती म्हणाली, "दीड महिना आपण हेच करतोय."

"आम्ही साठ वर्षं करतोय," आत्या म्हणाली.

भांडण होतं चार मात्रांचं. या क्वायरच्या कार्यक्रमाचा शेवट नेहमी एकाच इंग्रजी संध्याप्रार्थनेने व्हायचा. नानांनी, म्हणजे या घरात गाणं आणणाऱ्या पहिल्या माणसाने, ती पोस्टाने आलेल्या एकुलत्या एका छापील प्रतीवरून सव्वीस वेळा हाताने उतरवून घेतली होती. नाना गेले, त्यांचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाऊ आणि सुनेचे सासरे बाबा, क्वायर चालवू लागले, तरी प्रती त्याच राहिल्या. यंदा त्या घडीवर फाटायला लागल्या म्हणून धाकट्या सुनेने नव्या छापील प्रती मागवल्या आणि स्वतःच्या हाताने विस्तव घरात आणला. छापील प्रतीत शेवटच्या ओळीला लागूनच आमेन होता. नानांच्या प्रतींत ओळ आणि आमेन यांच्यामध्ये चार मात्रा कुणीच गायचं नव्हतं, ऑर्गननेही गप्प राहायचं होतं. घरात त्याला नानांचा थांबा म्हणत. पाहुण्यांना तो कौतुकाने सांगत. रचनाकाराच्या मनातलं नानांनी ओळखलं, असं म्हणत.

धाकटी सून दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही की नळी बाजूला काढायची, हे तिच्या हाताला बसलेलं वळण होतं. त्याच वळणाने ती दीड महिन्यापूर्वी सगळ्यांसमोर म्हणून गेली होती, "उतरवताना नानांची चूक झाली असणार." त्यानंतर आत्याने तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलणं ठेवलं होतं.

"आत्या, छापील प्रतीत नाहीये ते," ती आता म्हणाली. "मी तीन वेगळ्या आवृत्त्या मागवून बघितल्या."

"तीन काय, तीनशे बघ. तेव्हा आम्ही गात होतो, तू नव्हतीस."

"मग मी काय वाजवू?" ऑर्गनमागून थोरल्याचा आवाज आला.

थोरला दीर दातांचा डॉक्टर होता. त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं तोंड कायम उघडं आणि जीभ बधिर असायची, त्यामुळे वाद घालायची त्याला सवयच राहिली नव्हती. दीड महिना तो एवढा एकच प्रश्न विचारत होता.

"छापलंय ते," सून म्हणाली.

"लिहिलंय ते," आत्या त्याच वेळी म्हणाली.

"म्हणजे मला कुणी काही सांगणारच नाही," थोरला म्हणाला आणि त्याने ऑर्गनला वारा पुरवणाऱ्या पंख्याचं बटण बंद केलं. ऑर्गनने दम सोडला.

सहाला कार्यक्रम होता. बाबांचा उजवा हात गेल्या वर्षीपासून थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी क्वायरची छडी दोन्ही मुलगे सोडून सुनेच्या हातात दिली होती. चर्चच्या कमिटीने त्यावर 'हा कार्यक्रम होऊ दे, मग बघू' एवढंच म्हटलं होतं. बघू म्हणजे कॉलेजातले संगीताचे सर. ते आज तिसऱ्या रांगेत बसणार होते आणि क्वायर घ्याल का असं सेक्रेटरीने त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, हेही तिला कळलं होतं. शेवट असा दोनदा झाला तर कमिटीला बघायचंही काही उरणार नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यावर तिला पहिल्यांदा आपली वाटलेली जागा म्हणजे या क्वायरमधली सोप्रानोंची दुसरी रांग. ती जागा सोडून ती पुढे येऊन उभी राहिली होती. हे गेलं तर तिला मागे जाऊन उभं राहता येणार नव्हतं.

भीतीने माणूस जे बोलतो ते ती बोलली. "ज्यांना जुनंच गायचंय त्यांनी आज उभं राहू नये."

मग कोणी काही बोललं नाही. चार मात्रांपेक्षा बराच जास्त वेळ.

आत्याने आपली प्रत मिटली, स्वेटरची वरची गुंडी लावली आणि ती चहाच्या खोलीकडे निघाली. ती तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होती. आल्टोंपैकी पाच जणी तिच्या हाताखाली काम करून निवृत्त झालेल्या, उरलेल्या तिघींची बाळंतपणं तिने केलेली. आठही जणी काही न विचारता तिच्यामागे गेल्या.

"आता दादाला काय वाजवायचं ते कळलं असेल," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं होतं बायको हसेल.

*

मध्यस्थी करायचं काम धाकट्याकडे आलं, कारण ते लहानपणापासून त्याच्याकडेच येत होतं. तो इमारतींचे नकाशे काढायचा. भिंत कुठेही आली तरी बाजूने वाट काढून द्यायची, हा त्याचा धंदा आणि स्वभावही. नाना आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते त्या दोन वर्षांत मीठ कमी आहे हा निरोपसुद्धा टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला त्यानेच नेला होता. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

चहाच्या खोलीत आठ बायका आठ खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि आत्या कपबशा पुसत होती. कपबशा आधीच पुसलेल्या होत्या.

"आत्या, चल ना."

"मला उभं राहू नये असं सांगितलंय. मी बसलेय."

"ती रागात बोलली ग."

"रागात माणूस खरं बोलतो. मी इतकी वर्षं लोकांना शुद्धीत येताना पाहिलंय, मला माहितेय."

"अग, चार मात्रांसाठी..."

"तेच तर म्हणते मी. चारच मात्रा आहेत. तिचं काय जात होतं?"

बायकोला धाकट्याने कालच रात्री जेवताना नेमकं उलटं विचारलं होतं, की चारच मात्रा आहेत तर आत्याचं काय जातं. तो दोघींच्याही बाजूने होता. लोकांना वाटायचं तो घाबरट आहे. तो खरंच दोघींच्याही बाजूने होता आणि हे दुखणं घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्याने घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मग त्याने वाट काढली. "तिनेच पाठवलंय मला," तो म्हणाला. "म्हणाली, आत्यांना सांग, थांबा ठेवू. माझंच चुकलं म्हणाली."

आत्याचा हात कपावर थांबला. "असं म्हणाली?"

"हो."

"चुकलं म्हणाली? तोंडाने?"

"तोंडाने," धाकटा म्हणाला. आता बायकोला गाठून हे खरं करून घेतलं की झालं, एवढाच त्याचा हिशोब होता. पण दारातच त्याला सेक्रेटरीने धरलं. खुर्च्या तीस कमी पडत होत्या आणि शेजारच्या शाळेतून त्या आणायला एका धडधाकट माणसाची गरज होती. धाकटा धडधाकट होता. नाही म्हणायला त्याला कधीच जमलं नव्हतं.

*

तो गेल्यावर आत्या खुर्चीवर बसली. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दीड महिना ती याच वाक्याची वाट पाहत होती, आणि आता ते आलं तर तिला नुसतं थकल्यासारखं झालं.

पोरगी चुकलं म्हणाली. या घरात तिने हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. नानांच्या तोंडून तर नाहीच. नानांनी शेवटच्या दुखण्यात तिच्याकडून दोन महिने सेवा करून घेतली, आणि शेवटचं बोलणं काय, तर उशी नीट लाव. तिच्या भावाने क्वायर सुनेच्या हातात देताना तिला विचारलंसुद्धा नव्हतं. साठ वर्षं या क्वायरसाठी राबलेली बहीण, तिला एका शब्दाने विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. तो राग तिचा भावावर होता. तो तिने काढला मात्र पोरीवर, कारण पोरगी समोर उभी होती. हे तिला आज पहिल्यांदा स्वच्छ दिसलं आणि बरं वाटलं नाही.

आणि पोरीचं चुकलेलंही नव्हतं. छापलेलंच खरं होतं. हे या जगात आत्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"ऐका ग," ती बायकांना म्हणाली. "आज छापील गायचं."

आठही जणींनी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे थांबायचं नाही?" त्यांच्यातली सगळ्यात जुनी सिस्टर म्हणाली. "अहो, मेट्रन, आत्ताच तर तो सांगून गेला, थांबा ठेवलाय."

"तिने ठेवला हे तिचं मोठेपण. पोरीचा पहिला कार्यक्रम आहे, त्या टायवाल्या सरांसमोर. छापील सोडून गायलो तर तो तिलाच नावं ठेवणार. ती बाकीच्यांना शेवटच्या क्षणी काही सांगायच्या भानगडीत पडणार नाही, ते छापीलच गातील. आपण त्यांच्यात मिळून जायचं. नंतर कळेल तिला."

"तिला सांगून येऊ का?"

"काही नको," आत्या म्हणाली. "वर आणि सांगत कशाला फिरायचं."

इथे हात जोडावेसे वाटतात. या घरातली माणसं भांडायची ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. पण नमतं घ्यायची वेळ आली की अशी लपूनछपून घ्यायची, जशी काही चोरीच करताहेत.

*

बाबा पुढच्या बाकावर बसून कार्यक्रमपत्रिकांच्या घड्या घालत होते. डावा हात घडी घालायचा आणि उजवा थरथरत त्यावर वजन ठेवायचा. पहिल्या भागात देवाची गाणी, मध्यंतरानंतर इंग्रजी गाणी, त्यात वसंत ऋतू, नदी, मेंढ्या राखणारा, पुन्हा वसंत ऋतू, आणि शेवटी संध्याप्रार्थना. सून येऊन शेजारी बसली. तिने डोळे पुसले होते, पण नाक पुसायचं राहिलं होतं.

"आल्टोच नाहीत, बाबा," ती म्हणाली. "आता मी काय करू?"

"घड्या घाल."

तिने चार घड्या घातल्या. मग ती म्हणाली, "तुम्ही एकदाही बोलला नाहीत. तुम्ही म्हणाला असतात की छापलेलं बरोबर, तर आत्यांनी ऐकलं असतं. किंवा जुनं बरोबर, तर मी ऐकलं असतं. कुणीतरी एकाने काहीतरी म्हणायला नको का?"

"मला कुणी विचारलं का?"

"आता विचारतेय."

बाबांनी हातातली पत्रिका ठेवली. खरं तर दीड महिना ते कुणीतरी विचारण्याची वाट पाहत होते, आणि कुणी विचारत नाही म्हणून रुसले होते. निवृत्त माणसाचा रुसवा कुणाच्या लक्षातही येत नाही, हे त्यांना अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

"छापलेलं बरोबर आहे," ते म्हणाले. "नानांनी आधी तसंच उतरवलं होतं. चार मात्रा नंतर घातल्या. जुनी प्रत उजेडात धर, शाई वेगळी दिसेल."

"का घातल्या?"

"तो ऑर्गन तेव्हा विजेवर नव्हता. मागे भाता होता, लाकडी दांड्याचा. दांडा वर-खाली केला की वारा भरायचा, मग सूर. ते काम तुझ्या आत्याकडे. दहा वर्षांची होती. अंगात जीव नाही, आणि दांडा तिच्याहून उंच. संध्याप्रार्थनेची शेवटची ओळ लांब, सगळा वारा खाऊन टाकायची, आणि लगेच आमेन, सगळ्यात मोठा. पहिल्याच कार्यक्रमात आमेनला वारा संपला. ऑर्गन असा घरघरून मेला की लोक हसले. मी पडद्यामागे डोकावून बघितलं, तर ही दांड्याला लोंबकळत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. रडत होती आणि तरी सोडत नव्हती."

सुनेच्या हातातली पत्रिका अर्धीच दुमडलेली राहिली.

"घरी गेल्यावर नाना तिला एक शब्द बोलले नाहीत. रागाचाही नाही, मायेचाही नाही. सकाळी उठलो तर हे टेबलाशी बसलेले. सव्वीसच्या सव्वीस प्रती काढल्या होत्या आणि एकेकीत चार मात्रा घालत होते. तेवढ्यात तिला भाता भरून घेता यावा म्हणून. लोकांना सांगितलं, रचनाकाराच्या मनात असंच होतं. मला म्हणाले, बोललास तर बघ." बाबांनी थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली घेतला. "माझ्या वडिलांनी आमच्यापैकी कुणासाठी काही केलं असेल तर एवढंच. आणि ते तिच्यासाठी केलं. ती सोडेल होय?"

"आणि मी त्याला चूक म्हटलं," सून म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"तुला काय माहीत."

"तुम्ही सांगितलं असतंत तर माहीत झालं असतं ना, बाबा!" तिचा आवाज रिकाम्या चर्चमध्ये घुमला, मेणबत्त्या लावणारा माणूस वळून पाहू लागला. "या घरात कुणी कुणाला काही सांगतं का?"

ती उठली. सोप्रानोंना गाठून तिने सांगितलं, टेनरना सांगितलं, बेसना दोनदा सांगितलं. आमेनच्या आधी थांबायचं, चार मात्रा, माझी मूठ वर असेपर्यंत कुणीही तोंड उघडायचं नाही. थोरल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, एकदाचं कुणीतरी बोललं." आल्टोंना सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांना दुसरं काही गाताच येत नव्हतं. फक्त त्यांना परत कसं आणायचं हा प्रश्न होता, आणि माफी मागायला म्हणून ती चहाच्या खोलीकडे निघाली, तर नऊच्या नऊ जणी अंगावर गाऊन चढवून बाजूच्या दारापाशी रांगेत उभ्या. आत्या सगळ्यात पुढे.

दोघी समोरासमोर आल्या. सुनेच्या ओठांवर आलं होतं. आत्याच्याही आलं होतं. पण आत्याला वाटलं, पोरीने एकदा चुकलं म्हटलंय, तिला आठ जणींसमोर पुन्हा कशाला म्हणायला लावायचं. सुनेला वाटलं, त्या न बोलावता आल्यात, आता भात्याचा विषय काढला तर त्यांचं इतक्या वर्षांचं गुपित मी चव्हाट्यावर मांडल्यासारखं होईल. मूठ वर दिसली की कळेलच त्यांना.

"केस बांध नीट," आत्या म्हणाली. "मानेवर आलेत."

"हो आत्या."

दोन वाक्यं पुरली असती.

धाकटा तिसाव्या खुर्चीसह दारात पोचला तेव्हा क्वायर आत निघालं होतं. बायकोला काहीतरी सांगायचं होतं हे त्याला आठवत होतं. त्याने टेनरच्या रांगेत घुसत तिच्याकडे बघून हातवारे केले. तिला वाटलं, तो शुभेच्छा देतोय. तिनेही मान हलवली.

*

थोरल्याला ऑर्गनवरून क्वायर दिसायचं ते समोर वर टांगलेल्या छोट्या आरशात. त्या आरशात देवाची गाणी छान गेली. मध्यंतरानंतरचा पहिला वसंत ऋतू जरा घाईत आला, दुसरा वेळेवर. मेंढपाळाच्या गाण्यात बेसमधले सेक्रेटरी एक ओळ आधी घरी पोचले, पण ते दर वर्षीचं होतं. तिसऱ्या रांगेत कॉलेजचे सर बो टाय लावून बसले होते आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरत होते, जणू हात मोकळा करून घेत होते. पहिल्या रांगेत बाबा होते.

संध्याप्रार्थना सुरू झाली. थोरल्याला ही पाठ होती, त्यामुळे त्याला आरशात बघत बसता आलं. शेवटची लांब ओळ सव्वीस जणांनी एका श्वासासारखी संपवली. सुनेने ती आवरली, डावी मूठ वर नेली आणि धरली. त्याने हात उचलले. चर्च गप्प झालं.

आणि त्या गप्प चर्चमध्ये नऊ बायकांनी आमेन म्हटला.

आल्टोंच्या वाट्याला कुठल्याही गाण्यात धड चाल येत नाही. वर सोप्रानो चढतात, खाली बेस उतरतात, आणि मधल्या बायका एक सूर धरून उभ्या असतात. या आमेनमध्येही त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर होता. एरवी तो कुणाला ऐकूही येत नसे. आता तो उघडा पडला, ना वर छप्पर ना खाली जमीन. आत्याची नजर प्रतीवर होती. आयुष्यात पहिल्यांदा ती छापील गात होती, आणि हात बघायच्या ऐवजी टिंबं बघत होती. बाकीचे आवाज कुठे गेले म्हणून तिने वर पाहिलं, आणि तिला मूठ दिसली.

तिला सगळं कळलं. पोरीने खरंच थांबा ठेवला होता, सगळ्यांना सांगून ठेवला होता, आणि तो आपणच मोडला. बाजूच्या आठ जणींनाही कळलं, आणि एकेकीचा आवाज घाबरून बसत गेला. सात, पाच, तीन. मग एकटी आत्या उरली.

सोडून दिलं असतं तर ती चूक झाली असती, ढळढळीत, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणारी. आत्याने सोडलं नाही.

सुनेची मूठ वर तशीच होती. मनात ती मोजत होती. एक. खाली आणावी का? आणली तर सगळे वेगवेगळ्या जागी पडतील. दोन. आत्या तिच्याकडेच बघत होती. एकाहत्तर वर्षांची बाई, श्वास घ्यायला जागा नाही, आवाज कडेला कापत होता, चेहरा लाल झाला होता, आणि ती नुसती बघत होती, मी धरलंय, तू तुझं कर, असं. तीन. पहिल्या रांगेत बाबा अर्धवट उभे राहिले होते. त्यांना भात्याचा दांडा दिसत होता, आणि जमिनीला न टेकणारे पाय. चार.

सुनेने मूठ उघडली. सोप्रानो वरून आल्या, बेस खालून आले, थोरल्याने दोन्ही हात आणि दोन्ही पाय टेकले, आणि तो सगळा आमेन आत्याच्या त्या एका सुराभोवती उभा राहिला. ऑर्गनचा वारा खालून आल्यावर आत्याने श्वास घेतला. तोपर्यंत घेतला नव्हता.

*

"तुम्ही गायलात कशा?" कपडे बदलायच्या खोलीत दार लागताच सून म्हणाली. टाळ्या अजून बाहेर चालू होत्या.

"तू थांबलीस कशी?" आत्या म्हणाली. ती खुर्चीवर बसून आपलीच नाडी मोजत होती.

"तुमच्यासाठी थांबले!"

"मग मी कुणासाठी गायले? छापील हवं होतं ना तुला?"

"मला सांगायचं तरी," सून म्हणाली.

"मला कुणी विचारलं का?"

"तू चुकलं म्हणालीस ना," आत्याच मग जरा नरमून पुढे म्हणाली. "मला वाटलं, झालं, आता कशाला ताणायचं."

"मी कधी म्हणाले?"

दोघींनी एकदमच धाकट्याकडे पाहिलं. तो गाऊन हँगरला लावण्यात फार गुंतला होता.

"म्हणणार होतीस," तो म्हणाला. "मी फक्त आधी पोचवलं."

"म्हणणारच होते," सून म्हणाली, नवऱ्याला नाही, आत्याला. "बाबांनी मला भात्याचं सांगितलं. चुकलं माझं, आत्या."

आत्याने मनगट सोडलं. "सांगितलं होय त्याने," ती म्हणाली. "मला वाटायचं तो विसरला असेल." तिने डोळे पुसले आणि रुमाल सुनेला दिला. "नाक पूस. दारापाशी भेटलीस तेव्हापासून बघतेय."

दार वाजलं. सेक्रेटरी होते, त्यांच्यामागे बो टाय. सरांना विचारायचं होतं, शेवटी आल्टो एकट्याच येतात ते कुठल्या आवृत्तीत आहे. त्यांच्याकडे तीन आवृत्त्या होत्या आणि एकीतही ते नव्हतं.

थोरल्याने सवयीने विचारलं, "मग आता मी पुढच्या वर्षी काय वाजवू?"

"आमच्या घरची आवृत्ती आहे ती," आत्या सरांना म्हणाली. "तुमच्या बाजारात मिळायची नाही."

"पुढच्या वर्षीचं तेच तर कमिटीला..." सेक्रेटरींनी घसा साफ केला. "म्हणजे क्वायर कुणाकडे, ते बघू म्हटलं होतं आपण."

"बघितलंत की आत्ता," आत्या म्हणाली. "हिच्याकडेच. मूठ जरा खाली धरायला शिकव म्हणावं माझ्या भावाला, मागच्या रांगेतल्या बुटक्यांना फक्त कोपर दिसतं."

सेक्रेटरी हो म्हणून गेले. मेट्रनला नाही म्हणणं त्यांना अपेंडिक्सच्या वेळीही जमलं नव्हतं.

बाकीचे गेल्यावर सुनेने छापील प्रतींचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पेन्सिल शोधली. शेवटची ओळ आणि आमेन यांच्यामध्ये तिने चार मात्रा काढल्या, बाकी सगळ्यांना मोकळ्या, आणि आल्टोंच्या ओळीत एक लांब सूर. मग दुसरी प्रत घेतली.

आत्या तिच्या खांद्यावरून बघत होती. तिने पेन्सिल सुनेच्या हातातून काढून घेतली, पर्स उघडली आणि तिच्यापुढे पेन ठेवलं.

"शाईने," ती म्हणाली. "सव्वीसच्या सव्वीस."